कार्टूनवाला फिजिक्सचा मास्टर

‘कार्टून काय बघतोस, वय काय तुझं?’ असं विचारणाऱ्या तमाम रूममेट्सना हा लेख सप्रेम!

‘बेन टेन’ आपण सगळ्यांनीच बघितलंय. त्यातल्या २००८ च्या ‘एलियन फोर्स’चं लेखन सांभाळणारा ड्वेन मॅकडफी फिजिक्सचा मास्टर होता. डेट्रॉइटचा कृष्णवर्णीय मुलगा, मिशिगन विद्यापीठातून आधी इंग्रजीची पदवी अन् मग फिजिक्स. (आपल्याकडे ॲडमिशनच्या खिडकीवरूनच परत पाठवला असता.) पुढे मार्व्हलमध्ये त्यानं ‘डॅमेज कंट्रोल’ काढलं. सुपरहिरोंच्या मारामारीनंतर पडलेल्या बिल्डिंगा निस्तरणारी कंपनी! सिव्हिलवाल्यांनो, तुमचाही कुणीतरी विचार केला होता.

१९९३ मध्ये तिघा साथीदारांबरोबर त्यानं ‘माइलस्टोन’ सुरू केलं. नायक बहुतेक कृष्णवर्णीय. छपाई-वितरण डीसी कॉमिक्सकडे, पण पात्रांची मालकी स्वतःकडे. लोक म्हणतात, टीव्हीवर गेला म्हणून मोठा झाला. मला नाही पटत. त्याचं खरं मोठेपण त्या करारात आहे. १९९७ मध्ये माइलस्टोनची कॉमिक्स बंद पडली, पण पात्रं हातची गेली नाहीत. त्यातलाच विजेच्या शक्तीचा व्हर्जिल हॉकिन्स २००० साली ‘स्टॅटिक शॉक’ म्हणून टीव्हीवर आला अन् २००४ पर्यंत चालला. शाळेतल्या बंदुकीवरच्या एका भागासाठी मॅकडफीला सहलेखकासोबत २००३ चं ह्युमॅनिटास पारितोषिकही मिळालं. मग ‘जस्टिस लीग’ वगैरे.

पण फायनल इयरनं वाचावं ते ‘हार्डवेअर’. नायक इंजिनिअर. शोध हा लावतो, पैसा मालक कमावतो. नफ्यात वाटा मागितला की मालक उडवून लावतो. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे ऑफर लेटर आलं की पॅकेजचा आकडा बघायचा, पार्टी मागायची अन् सही ठोकायची. बॉन्ड किती वर्षांचा, नोकरीत आपण जे बनवू ते कुणाचं, हे मागच्या पानांवर असतं. तिथपर्यंत जातंय कोण? व्हायवाच्या आदल्या रात्री तरी आपण शेवटचं पान उघडतो!

मॅकडफी फेब्रुवारी २०११ मध्ये गेला, अवघ्या ४९ व्या वर्षी. २०२१ मध्ये डीसीनं स्टॅटिक अन् हार्डवेअर नव्या गोष्टींसह परत आणले. कुणाकडे अंक असतील तर कॉमन रूममध्ये ठेवा राव, चार दिवसांत परत करतो.