किट बांधण्याआधीचा प्रश्न

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस, सुरू झाला की मोहल्ल्यांत लगबग वाढते. किराणा दुकानांपुढे तांदूळ, डाळ, तेल, साखर, शेवया आणि खजुरांच्या पिशव्यांची रास लागते. जकात आणि फितऱ्याचा पैसा याच दिवसांत बाहेर पडतो. देण्याची ही ओढ मोलाची आहे. पण ईद उलटली की जुनीच तक्रार कानावर येते. रस्त्यालगतच्या घरात चार किट पोहोचले, गल्लीच्या टोकाच्या घरात एकही नाही. चार किट मिळालेल्या बाईने त्यातले दोन निम्म्या किमतीत विकले, कारण तिला थकलेले वीजबिल भरायचे होते. यात लबाडी कोणाचीच नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते.

संकट मोठे असले की ही चूकही मोठी होते. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सीनेसारख्या नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. पिके गेली, जमिनी खरडल्या, विहिरी गाळाने भरल्या, जनावरे दगावली. अशा वेळी पहिल्या आठवड्यात शिजवलेले अन्न, पिण्याचे पाणी आणि कोरडे अंथरूण लागते. पंधरवड्याने चारा आणि मुलांची वह्यापुस्तके लागतात. त्यानंतर रब्बीचे बियाणे आणि गाळ उपसण्याची सोय. मदतीचा ट्रक मात्र बहुधा पहिल्याच आठवड्याची यादी घेऊन महिनाभर येत राहतो, आणि डांबरी रस्ता संपतो तिथेच रिकामा होतो.

अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात एक प्रसंग आहे. मदिनेतील एक गरजू प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आला. प्रेषितांनी आधी विचारले, घरात काही आहे का? अंथरायला-पांघरायला एक जाड कापड आणि पाणी प्यायचे एक भांडे, एवढेच होते. ते मागवून प्रेषितांनी लोकांत बोली लावली. दोन दिरहम आले. एकाचे धान्य घरी द्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली आणि तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला. लाकूड तोडून वीक आणि पंधरा दिवस इकडे येऊ नकोस, असे बजावले. तो परतला तेव्हा त्याने दहा दिरहम कमावले होते.

मदतीचे नियोजन म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आधी घरची स्थिती पाहिली. आजची भूक आणि उद्याची कमाई यांचा वेगळा विचार केला. मुदत ठरवली आणि शेवटी निकालही पाहिला. अर्थात, कुऱ्हाड प्रत्येकाच्या हाती देता येत नाही. आजारी माणसाला औषध हवे, सावकाराच्या विळख्यातल्याला सुटका हवी. म्हणूनच कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातचे आठ वेगवेगळे हक्कदार सांगितले आहेत आणि त्यांत कर्जबाजारी व वाटसरूही आहेत. आठ प्रकारच्या गरजांना एकच पिशवी पुरेल कशी?

विचारण्याने काय फरक पडतो, हे मराठवाड्याने पूर्वीही पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे पक्की झाली, पण रुंद रस्ते आणि आखीव प्लॉट यांत जुन्या गल्लीचा शेजार सुटला. ज्या गावांत पडझड कमी होती, तिथे वेगळी वाट धरली गेली. घरमालकाला हप्त्याने पैसे मिळाले, दुरुस्ती त्याने स्वतः करवून घेतली आणि गावातल्याच महिला संवाद सहायक म्हणून घरोघरी फिरल्या. ज्याचे घर, त्याचा शब्द कामात आला.

आपल्या गावात हे अवघड नाही. यादी रमजानच्या आधी, शाबान महिन्यातच करावी. प्रत्येक गल्लीत दोन समजदार महिलांनी जाऊन विचारावे, कारण घरातली खरी अडचण बाई बाईलाच सांगते. मशिदींच्या आणि मंडळांच्या याद्या एकत्र जुळवाव्यात, म्हणजे एक घर दोनदा येणार नाही आणि दुसरे सुटणार नाही. नावे गुप्त राहावीत, पिशवी देतानाचे फोटो टाळावेत. फितरा ईदच्या नमाजआधीच पोहोचावा. जकातचा काही भाग कर्ज, फी आणि औषधांसाठी राखावा. जकात बिगर-मुस्लिमांना देण्याबाबत उलेमांच्या मतांत फरक आहे. सदक्याला ती अडचण नाही, तो कोणत्याही गरजूला देता येतो. पुराच्या यादीत तर धर्माचा रकाना नकोच, कारण पाणी घर विचारून शिरत नाही.

ईदनंतर महिनाभराने त्याच महिलांनी त्याच घरी पुन्हा जावे. पिशवी संपलेली असेल. अडचण संपली का, हे तेव्हा कळेल आणि पुढच्या वर्षीची यादी तिथूनच सुरू होईल.