दोष जिभेचा की बाजाराचा?

पायाचा अंगठा एका रात्रीत सुजून ठणकू लागला की लोक रोग्यालाच बोल लावतात : खाण्यापिण्याचा सोस नडला! गाउट या संधिरोगाला युरोपात 'राजांचा रोग' म्हणत, ते याच समजुतीने. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. पेशींतील न्यूक्लिओटाइडांचा प्युरीन हा एक घटक शरीर स्वतःच घडवते आणि स्वतःच मोडते. शेवटी युरिक आम्ल उरते. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्याचे पुढे विघटन करणारे विकर असते. मानवात ते उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले. मूत्रपिंडांकडून निचरा कमी पडला की आम्लाचे स्फटिक सांध्यांत साचतात. आहाराचा वाटा आहे, पण सारा दोष त्याचा नव्हे.

हे आम्ल तयार होणेच रोखणारे ॲलोप्युरिनॉल गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आले. १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले. विज्ञानाने आपले काम केले. बाजाराचे काय?

कोल्चिसिन हे गाउटच्या वेदनेवरील फार जुने औषध. अमेरिकेत एका कंपनीने त्याच्या चाचण्या घेतल्या आणि बक्षीस म्हणून २००९ साली तिला या रोगापुरती तीन वर्षांची मक्तेदारी मिळाली. सुमारे ९ सेंटांची गोळी जवळपास ५ डॉलरांवर गेली. चाचण्या आवश्यकच होत्या. परंतु त्यांचा खर्च रोग्यांच्या असहायतेतून वसूल का व्हावा? जुन्या औषधांच्या चाचण्या सार्वजनिक निधीतून झाल्या पाहिजेत. रोग्याच्या ताटाकडे बोट दाखविण्यापूर्वी समाजाने आपली ही जबाबदारी ओळखावी.