गेम निवडा, पण एकच नको!

पबजीवरच जीव टाकणाऱ्यांचं काय झालं, आठवतं ना? सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. २०२१ मध्ये बीजीएमआय आला, तोही जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गायब. परतला थेट मे २०२३ मध्ये. तोवर प्लेअर्स अधांतरी!

म्हणून मित्रांनो, आपला धुळे-जळगावचा शेतकरी कपाशीत तुरीची ओळ घालतो, तसं करा. एक शूटर गेम पकडा आणि दुसरा वेगळ्या जातीचा: डोटा २, नाहीतर चक्क बुद्धिबळ. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये या दोन्ही खेळांना पदकं होती. माझं मत बुद्धिबळाला. त्याला मालकच नाही, मग बंद कोण करणार?

तिसरा गेम मात्र नको. सबमिशन्स कोण लिहिणार, बॉस?