पेटी निघाली बंदराला

गेल्या वर्षी सुट्टीत मी भाचीला घेऊन मुंबईहून पुण्याला येत होतो. बोरघाटात आमची एसटी जी अडकली, ती हलायलाच तयार नाही! पुढे-मागे सगळे ट्रेलर आणि प्रत्येकावर भलीमोठी लोखंडी पेटी. इतक्यात समोरच्या डोंगरातून एक मालगाडी चढताना दिसली. भाची म्हणाली, "मामा, या सगळ्या पेट्या त्या गाडीत का नाही घालत?"

प्रश्न अगदी बरोबर होता. चला, उत्तर शोधू या.

या पेटीला म्हणतात कंटेनर. लहान कंटेनर 20 फूट लांब, 8 फूट रुंद आणि साधारण साडेआठ फूट उंच. पूर्वी हमाल एकेक पोतं, एकेक खोका जहाजात चढवत. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी 58 भरलेल्या पेट्या एका जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या आणि बंदरांचं कामच बदललं. आता चाकणच्या कारखान्यात बंद केलेली पेटी थेट परदेशात उघडते. वाटेत तिला जहाज मिळतं ते उरणजवळच्या न्हावा-शेवाला, 1989 साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात.

आता हिशेब करा. कंटेनरच्या एका मालगाडीला साधारण 45 वाघिणी असतात आणि एका वाघिणीवर दोन लहान पेट्या मावतात. म्हणजे एका गाडीत 90 पेट्या! ट्रेलरवर फार तर दोन. म्हणजे एक आगगाडी धावली, की निदान 45 ट्रेलर घाटात येणारच नाहीत.

शिवाय इंधन वाचतं. कसं? सायकलच्या चाकात हवा कमी असली, की पायडल मारताना दमछाक होते ना? टायर दबतो आणि आपली ताकद त्यातच वाया जाते. ट्रकच्या टायरचंही थोडंफार तसंच होतं. पण रेल्वेचं पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. म्हणून तेवढंच वजन ओढायला रेल्वेला कितीतरी कमी शक्ती लागते आणि धूरही कमी होतो.

"मग सगळं रेल्वेनेच न्यायचं!" भाचीने निकाल देऊन टाकला.

थांबा! चाकणच्या कारखान्यापर्यंत रूळ कुठे आहेत? पेटी आधी ट्रेलरने रेल्वेच्या यार्डात न्यायची, क्रेनने उचलायची, मग गाडी भरायची वाट बघायची. त्यात घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट. पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. अंतर मात्र जेमतेम सव्वाशे किलोमीटर! तेवढ्या वेळात ट्रेलर बंदरात पोचतोही. आणि जहाज कुणासाठी थांबत नाही.

अंतर लांबलं की पारडं फिरतं. दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावा-शेवापर्यंत सुमारे 1500 किलोमीटरचा खास मालगाड्यांचा मार्ग म्हणूनच आखला गेला. जानेवारी 2021 मध्ये त्याच्या हरियाणा-राजस्थानमधल्या भागावर एकावर एक पेट्या रचलेली दीड किलोमीटर लांबीची गाडी धावली!

मग आपल्या पुण्याने हात जोडून बसायचं का? मुळीच नाही. बंदरातून पेटी घेऊन आलेला ट्रेलर कित्येकदा रिकामी पेटी घेऊन परत जातो. डिझेल जळतं, काम शून्य! तीच पेटी शेजारच्या कारखान्याने आपल्या मालाने भरून पाठवली, तर घाटातली एक खेप वाचते. त्यासाठी नवे रूळ नकोत, फक्त दोघांनी एकमेकांना विचारायला हवं.

तेव्हा माल पाठवायचा असेल तर चार प्रश्न विचारा: किती दूर? किती जड? किती घाई? आणि परत येताना काय आणणार?

आता तुमची पाळी. नागपूरहून सुताच्या 90 पेट्या न्हावा-शेवाला पाठवायच्या आहेत. अंतर सुमारे 800 किलोमीटर, जहाजाला आठ दिवस अवकाश. रेल्वे की ट्रेलर? उत्तर कारणांसह वहीत लिहा आणि आई-बाबांशी जरूर वाद घाला!