रात्रीचा घाम : आधी चोर ओळखा, मग उपाय करा



उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्याला घाम आला तर त्यात नवल नाही. पण हवा थंड आहे, अंगावर साधी चादर आहे आणि तरी झोपेत उशी व कपडे भिजतात, जाग येताच घाम थांबतो, असे वारंवार होत असेल तर ते अंगावर काढू नये. चिनी वैद्यकाने या घामाचा शेकडो वर्षे विचार केला आहे. त्यातले काय घेण्यासारखे आहे आणि कोठे थांबावे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

चोरटा घाम

दिवसा श्रम न करता येणारा घाम आणि झोपेतला घाम यांत चिनी वैद्य फरक करतात. झोपेतल्या घामाला ते 'दाओ हान' म्हणतात. दाओ म्हणजे चोर, हान म्हणजे घाम. घरचे झोपले की चोर शिरतो, जागे झाले की पळतो, तसा हा घाम.

त्यांच्या मते शरीरात दोन बाजू असतात. 'यिन' म्हणजे गारवा, ओलावा आणि साठवण. 'यांग' म्हणजे ऊब आणि चालना. अतिश्रम, जागरण, दीर्घ आजार किंवा वाढते वय यांमुळे यिन आटते. पातेल्यात पाणी कमी आणि खाली जाळ मात्र तेवढाच असेल तर वाफ लवकर सुटते, तसेच शरीराचे होते. रात्री त्वचेवर पहारा देणारी शक्ती आत जाते, दारे सैल पडतात आणि घाम बाहेर येतो. तळहात, तळपाय व छातीत आग होणे, दुपारनंतर गाल लाल होणे, रात्री तोंड कोरडे पडणे, जीभ लाल व जवळजवळ थर नसलेली असणे, नाडी बारीक पण जलद असणे, या खुणा वैद्य पाहतात.

त्यांचे उपाय

यिन भरून काढणे, आतली उष्णता कमी करणे आणि घाम आवरणे, असा तिहेरी उपचार असतो. छियान यी या बालरोगवैद्याची सहा औषधींची गोळी इ. स. १११९ च्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथात आहे. ती आजही यिन भरण्यासाठी देतात. घाम आवरायला गव्हाचे पोचट दाणेही वापरतात. गहू धुताना वर तरंगणारे जे दाणे आपल्या घरी कोंबड्यांपुढे टाकतात, तेच तिकडे काढ्यात जातात! आहारात तिखट, तळलेले आणि दारू वर्ज्य. नासपती, मूग आणि काळे तीळ चांगले मानतात. आपल्याकडे तीळ उष्ण समजतात, हा फरक लक्षात घ्यावा.

मनगटाजवळ करंगळीच्या बाजूला आणि पायाच्या आतल्या घोट्याच्या वर सुया टोचण्याची पद्धतही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बसू यांनी पुढे ही सुईचिकित्सा चीनमध्ये शिकून कलकत्त्यात आणली.

कसोटीला लावले तेव्हा

जुने आहे म्हणून खरे, असे आम्ही मानत नाही आणि परके आहे म्हणून खोटे, असेही मानत नाही. दवण्याच्या जातकुळीतली 'छिंगहाव' ही वनस्पती चिनी वैद्य ताप आणि रात्रीच्या घामावर देत. थू यूयू या चिनी संशोधक बाईंनी चौथ्या शतकातल्या ग्रंथाचा धागा धरून तिच्यातून मलेरियाचे औषध शोधले. त्यासाठी त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

उलट बाजूही आहे. पाळी जाण्याच्या काळातल्या उष्ण झळा व घामासाठी सुया टोचण्याची चाचणी ऑस्ट्रेलियात ३२७ स्त्रियांवर झाली. २०१६ साली तिचा निष्कर्ष आला. खऱ्या सुया आणि न टोचणाऱ्या नकली सुया, दोन्हींनी सारखाच आराम पडला. बेल्जियममध्ये तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून बिनखात्रीची पुडी किंवा गोळी घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे

फुप्फुस झिजवणाऱ्या रोगाच्या चार खुणा चिनी वैद्यांनी नोंदवल्या: खोकला, थुंकीतून रक्त, संध्याकाळचा ताप आणि रात्रीचा घाम. हा रोग म्हणजे आपला क्षय, अर्थात टीबी. आज चीनमध्येही क्षयावर मुख्य उपचार जंतुनाशक औषधांचाच आहे. घाम थांबवणारा काढा क्षयाचा जंतू मारत नाही. काढ्यावर महिने घालवले तर कमावता माणूस खंगतो आणि घरातल्या लेकरांनाही लागण होते.

म्हणून रात्रीच्या घामाबरोबर दोन आठवड्यांहून अधिक खोकला, बारीक ताप, वजन घटणे किंवा मानेत गाठ असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात जावे आणि तपासणी करून घ्यावी. तेथे बेडक्याची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो, तो मध्येच सोडू नये. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात मिळतात. तो आपला हक्क आहे, तो मागून घ्यावा. क्षय झाला हे लपवण्यात कसलीही अब्रू नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला रात्री घाम फुटून थरथर सुटली, तर साखर उतरलेली असू शकते. तो शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. थायरॉईड, काही औषधे आणि रक्ताचे काही आजार यांमुळेही असा घाम येतो.

सर्व तपासण्या ठीक आल्या आणि घाम पाळी जाण्याच्या वयाचा ठरला, तर घाबरू नये. सुती कपडे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, रात्री तिखट व चहा कमी करावा, तंबाखू-मिश्री सोडावी. त्रास फार असेल तर डॉक्टरांकडे औषधे आहेत. अशा वेळी घरच्यांनी त्या बाईला टोमणे न मारता दुपारी घटकाभर पडू द्यावे. तिची झोप रोज रात्री मोडते आणि पहाटे पाण्यासाठी उठायचे तिला चुकत नाही.

चिनी वैद्यांनी या घामाला चोर म्हटले ते योग्यच आहे. पण चोर कोण हे कळल्याशिवाय दाराला कुलूप लावले, तर तो आतच कोंडला जातो. म्हणून आधी तपासणी, मग उपचार, हा क्रम प्रत्येक घराने पाळावा.