साखरपुड्याची अंगठी घेताना सराफाला विचारायचा एक प्रश्न

लग्नसराई संपून काही महिने झाले की दवाखान्यात हटकून एक बोट पुढे येतं. अनामिका. अंगठीखाली लाल, खवलेदार चट्टा, कधी बारीक पाणीदार पुटकुळ्या आणि झोपू न देणारी खाज. "डॉक्टर, मला सोनं मानवत नाही का हो?" सोन्याचीही ॲलर्जी असू शकते, पण दागिन्यांच्या बाबतीत खरा गुन्हेगार बहुधा निकेल असतो.

तुम्ही घेता ती सोन्याची अंगठी सहसा नुसत्या सोन्याची नसते. चोख सोनं मऊ, रोजच्या वापरात वाकतं. म्हणून त्यात दुसरे धातू मिसळतात. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के. उरलेल्या भागात काय आहे, हा प्रश्न मला सोन्याच्या भावापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पिवळ्या सोन्यात मुख्यतः तांबं आणि चांदी असते. व्हाइट गोल्डमध्ये मात्र पिवळेपणा घालवायला निकेल किंवा पॅलेडियम घालतात. निकेल स्वस्त, पॅलेडियम महाग. बाकी तुम्ही ओळखा. वरून ऱ्होडियमचा चकचकीत मुलामा देतात. तो शाबूत असेपर्यंत त्वचेला काही कळत नाही. तो झिजला की घाम आतल्या निकेलपर्यंत पोचतो. "इतके दिवस काही झालं नाही, मग आत्ताच कसं?" याचं उत्तर अनेकदा हेच असतं.

"पण हॉलमार्क बघून घेतली आहे!" छान केलंत. पण तो शिक्का सोनं किती एवढंच सांगतो, उरलेला धातू कोणता ते नाही. युरोपीय संघात त्वचेला सतत लागून राहणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये, असा नियम आहे. तुम्ही निदान सराफाला सरळ विचारा, "यात निकेल आहे का?" आणि "नाही" म्हणाले तर बिलावर लिहून मागा. पाहुण्यांसमोर संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरी विचारा. कारण निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. मलमाने चट्टा जातो, ॲलर्जी जात नाही.

खोटे कानातले घातल्यावर कान चिघळतात, जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ खाज येते, असं काही आठवतंय? मग निकेलवालं व्हाइट गोल्ड तुमच्यासाठी नाही. खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट होते. पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि पुढचे एक-दोन दिवस त्वचा कशी वागते ते बघतात.

माझं मत विचाराल तर २२ कॅरेटची साधी पिवळी अंगठी, आपल्या आज्यांच्या वेढणीसारखी, त्वचेला सगळ्यात कमी त्रास देते. हिरा बसवायचा असेल तर १८ कॅरेट पिवळं. खडा घट्ट राहतो. पांढरीच हवी असेल आणि खिशाला परवडत असेल तर ९५० शिक्क्याचं प्लॅटिनम. टंगस्टन कार्बाइडच्या अंगठ्यांबद्दल मी नाखूश आहे. बोटाला मार लागून सूज आली की सोन्याची अंगठी कटरने चटकन कापता येते. टंगस्टनची कापली जात नाही, पकडीत दाबून फोडावी लागते, आणि ते साधन व माहिती रात्री दोन वाजता सगळीकडे असेलच असं नाही.

आणखी एक. अंगठीखालचा प्रत्येक चट्टा धातूचा नसतो. भांडी घासताना, कणीक मळताना साबण आणि ओल अंगठीखाली अडकते, तेवढ्यानेही कातडी सोलवटते. अशा वेळी धातू बदलून उपयोग नाही. अंगठी काढून हात धुवा, बोट कोरडं करा, मग घाला. "नव्या नवरीने अंगठी उतरवायची नसते" असं सांगणाऱ्या सासूबाई सोबत असतील तर त्यांनाही आत घेऊन या. गरोदरपणात बोटं सुजायला लागली तर अंगठी वेळीच काढायची असते, हे मी त्यांनाच समजावून सांगेन.