कार्ड गावात, बाई फडात

बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी सत्तावीस वर्षं आरोग्यसेविका होते. नोकरी नवी असताना रात्री दार वाजलं की छातीत धस्स व्हायचं; कुणीतरी घरात अडलेली असायची. पुढे ते दार वाजणं थांबलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात शंभरातली जवळपास 95 बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2018-20 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू 33 होते; यात तेव्हा केरळनंतर आपलाच क्रमांक होता. आशाताईंची आणि आम्हा सिस्टरांची पायपीट त्यामागे आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला झोपू देत नाही. 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. 2015-16 मध्ये हेच प्रमाण 48 टक्के होतं.

हा आकडा मी दर दिवाळीनंतर डोळ्यांनी पाहिला. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते, दारात ट्रॅक्टर उभा राहतो. भांडी, पीठ, लेकरं आणि पाच महिन्यांची गरोदर सून, सगळे ट्रॉलीत चढतात. एकदा तिथंच एका पोरीची पापणी खाली ओढून पाहिली, पांढरीफटक. त्याच आठवड्यात हिमोग्लोबिन 7.4 आलं होतं. लोहाच्या गोळ्या तिच्या ओच्यात घातल्या. एप्रिलमध्ये ती परतली, कुशीत दोन किलोंचं बाळ. गोळ्यांची पाकिटं पत्र्याच्या पेटीत तशीच.

"ताई, गोळीनं मळमळतं. डोक्यावर मोळी घेऊन ओकायला कुठं थांबू? खाडा पडला की पैसे कापतात."

तिला मी काय रागावणार? पहाटेपासून फडात राबून ती कोपीवर येते, चूल पेटवते आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकरी खाते. सहा महिने तिला विचारायला कुणी येत नाही. तिचं नाव आमच्या रजिस्टरात असतं आणि ती असते दुसऱ्या जिल्ह्यात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गरोदर बायकांची यादी टोळी निघण्याआधीच कारखान्याच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्राकडे जावी. गाळप हंगामात तिथल्या सिस्टरनं दर पंधरा दिवसांनी कोप्यांवर फेरी मारावी. गोळी सोसत नाही तिला शिरेतून लोह मिळावं, आणि तपासणीच्या दिवशी खाडा धरू नये.

बाळंतपणासाठी आपण घरोघर पोचलो. आता फडापर्यंत पोचायचं आहे. दिवाळीआधी यादी झाली, तर यंदाच्या ट्रॉलीत बसणाऱ्या पोरीला तिचा उपयोग होईल.